रिकामपणाचीं व्याख्यानें

गेल्या कांहीं वर्षांत तरुण मंडळींमध्यें करमणुकीचा एक नवा प्रकार रूढ होऊं लागला आहे. सात-आठ स्नेही रात्रीं एखाद्याच्या बिऱ्हाडीं जमतात, भिंतीवरच्या टीव्हीला संगणक जोडतात, आणि प्रत्येक जण आळीपाळीनें उभा राहून आठ-दहा मिनिटांचें एक सचित्र व्याख्यान देतो. त्या व्याख्यानाला भारदस्त मथळा असतो, प्रस्तावना असते, आलेख व कोष्टकें असतात, शेवटीं शंकासमाधानहि असतें. विषय मात्र असा निवडलेला असतो कीं, त्यावर कोणत्याहि शहाण्या मनुष्यानें पांच मिनिटें खर्च करूं नयेत. जहाज बुडूं लागल्यास आपल्यापैकीं प्रथम कोण रडेल, कोणत्या टपरीवरचें बांकडें तत्त्वचिंतनास अधिक अनुकूल आहे, घरांतील स्टीलच्या डब्यांचीं झांकणें अखेर जातात कोठें, अशा प्रश्नांचा ऊहापोह एकामागून एक येणाऱ्या 'स्लाइडां'च्या साह्यानें चालतो आणि मध्यरात्र केव्हां उलटते तें कळत नाहीं. अमेरिकेंतील विद्यार्थ्यांत हा प्रकार अगोदरच होता. २०२० सालीं साथीच्या टाळेबंदींत जो तो आपापल्या घरांत कोंडला गेला, तेव्हां दूरदूरच्या मित्रांना एका पडद्यावर जमविण्याची सोयीची युक्ति म्हणून तो पुष्कळ पसरला. आणि टाळेबंदी उठल्यावर पडद्यावरून पुन्हां दिवाणखान्यांत आला. पुणें-बंगळूरच्या संगणक-कचेऱ्यांत काम करणाऱ्या आपल्या मुलामुलींनाहि तो आतां अपरिचित नाहीं.

माझ्या एका वयोवृद्ध स्नेह्यांना मीं हें सांगितलें तेव्हां त्यांनीं कपाळाला हात लावला. "दिवसभर कचेरींत हेंच, आणि रात्रीं मित्रांतहि हेंच? घाण्याच्या बैलानें जूं उतरल्यावर अंगणांतहि गोल फिरावें, तशांतली ही गत!" उपमा चांगली आहे, आणि तिच्यांतला आक्षेपहि हलका नाहीं. ज्या साधनावर हीं व्याख्यानें रचलीं जातात त्याचा इतिहास पाहिला तर तो अधिकच बळावतो. 'पॉवरपॉइंट' ही संगणकाची आज्ञावली रॉबर्ट गॅस्किन्स आणि डेनिस ऑस्टिन यांनीं कॅलिफोर्नियांतील 'फोरथॉट' नांवाच्या एका लहान कंपनींत तयार केली. १९८७ सालीं ती बाजारांत आली, आणि त्याच वर्षीं मायक्रोसॉफ्टनें ती सबंध कंपनी १ कोटी ४० लाख डॉलरांस विकत घेतली. तेव्हांपासून जगांतल्या कचेऱ्यांनीं विचार करण्याचें काम बव्हंशीं ठिपक्यांच्या यादीवर सोंपविलें आहे असें म्हटल्यास अतिशयोक्ति होईल, पण फार होणार नाहीं. २००३ च्या १ फेब्रुवारीस 'कोलंबिया' हें अवकाशयान परततांना भंगलें आणि कल्पना चावला यांच्यासह त्यांतील सातहि जण मृत्यु पावले. यान अंतराळांत असतांनाच, त्याच्या पंखावर आदळलेल्या फेसाच्या तुकड्याविषयीं अभियंत्यांनीं अधिकाऱ्यांपुढें कांहीं स्लाइडा मांडल्या होत्या. त्यांतील एकीवर धोक्याची सूचना आश्वासक मथळ्याखालीं, बारीक अक्षरांत, पोटमुद्द्याच्याहि पोटांत कशी दडून गेली होती हें एडवर्ड टफ्टी या अमेरिकन अभ्यासकानें दाखवून दिलें. चौकशी-मंडळानेंहि आपल्या अहवालांत त्याची दखल घेतली. गंभीर विषयाला हा सांचा असा बाधतो. मग जेथें सांच्याची कोणतीच सक्ति नाहीं तेथें तरुणांनीं तो आपण होऊन कां पत्करावा?

मला वाटतें, माझ्या स्नेह्यांची उपमा एका ठिकाणीं लंगडी पडते. बैल घाण्याची नक्कल करीत नाहीं. लहान मुलें मात्र शाळेंतून घरीं आलीं कीं 'शाळा-शाळा' खेळतात, आणि सकाळीं ज्याचे कान पिरगाळले गेले तोच संध्याकाळीं छडी हातांत घेऊन बसतो. ज्या गोष्टीचा आपल्यावर अंमल चालतो तिचें सोंग आणून तिला आपल्या मापाची करून घेणें ही मनुष्याची जुनी खोड आहे. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनीं विसाव्या शतकाच्या आरंभीं सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या या त्रिकूटाकडून जें करविलें तें याहून वेगळें काय होतें? सभासंमेलनांची त्या काळीं धामधूम होती, म्हणून त्यांनीं चोरांचेंहि संमेलन भरविलें. आजची मंडळी कचेरीच्या आलेखावर झांकणांचा हिशेब मांडतात. फरक कलेच्या दर्जाचा आहे आणि तो लहान नाहीं; पण जात एकच आहे.

चित्रें दाखवीत बोलण्याची हौसहि आपल्याकडे नवी नव्हे. सिंधुदुर्गांतील पिंगुळीचे चित्रकथी कागदावरचीं चित्रें एकामागून एक पुढें करीत रामायण-महाभारतांतल्या कथा सांगत आले आहेत. आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन 'शांबरिक खरोलिका' या नांवानें कांचेवर रंगविलेल्या चित्रांचे प्रकाशखेळ करीत असत. परंतु त्या सर्वांत दाखविणारा एक आणि पाहणारे अनेक अशी वांटणी होती. या नव्या खेळांत ती मोडते, आणि माझ्या मतें त्याचा सर्वांत महत्त्वाचा गुण तो हाच.

आपल्या गप्पांच्या बैठकींचें आपण फार कौतुक करतों. त्या बैठकी ज्यांनीं पाहिल्या आहेत त्यांनीं क्षणभर प्रामाणिकपणें आठवून पाहावें कीं, त्यांत बोलत कोण असे. एक किंवा दोन फर्डे वक्ते बोलत. चार जण 'वाहवा' म्हणत. आणि एखादा गृहस्थ वीस-वीस वर्षें नियमानें येऊन, सुपारी कातरीत बसून, एक अक्षर न बोलतां घरीं जात असे. त्याच्याजवळ सांगण्यासारखें कांहीं होतें कीं नाहीं याचा कोणीं तपास केला नाहीं. घरांतल्या बायकांची गोष्ट तर बोलायलाच नको. पोहे आणि चहा त्यांनीं करावा, आणि बाहेरच्या हास्याचा कल्लोळ भिंतीआडून ऐकावा. एवढ्यानें ती मंडळी रसिक ठरली आणि आपण 'संस्कृति' हा शब्द वापरण्यास मोकळे झालों.

गेल्या वर्षीं माझ्या भाच्याच्या कोथरुडांतल्या बिऱ्हाडीं अशा एका व्याख्यान-रात्रीं मला हजर राहतां आलें. "मामा, तुम्ही बसा खुशाल, पण शंका विचारायच्या नाहींत, तुम्ही विचारलीत तर ती तोंडी परीक्षा होईल," अशी अट होती. तेथें एका मुलीनें आपल्या वडिलांच्या वेळेआधीं पोंचण्याच्या संवयीवर व्याख्यान दिलें. आडव्या रेषेवर प्रवासाचें अंतर आणि उभ्या रेषेवर ते स्टँडवर किंवा स्टेशनवर किती आधीं जाऊन बसतात तो वेळ मांडलेला. नाशिकच्या एस्. टी. साठीं सव्वा तास, मुंबईच्या आगगाडीसाठीं दोन तास. आणि विमानाचा ठिपका तर कागदाबाहेर गेलेला, कारण त्यासाठीं आदल्या दिवशींच विमानतळाजवळच्या आत्याकडे मुक्काम! शेवटच्या स्लाइडवर रिकाम्या फलाटावरचें एक बांकडें, त्यावर थर्मास आणि शेजारीं घड्याळाकडे पाहणारे वडील. सगळे पोट धरधरून हंसले, आणि मग कोणीतरी हळूच म्हणालें, "आमचेहि बाबा असेच." त्यानंतर डब्यांच्या झांकणांवर जो मुलगा बोलला त्याला मी चार वर्षें ओळखतों, विचारल्यास 'हो' आणि न विचारल्यास कांहीं नाहीं, असा त्याचा स्वभाव. तो बारा मिनिटें बोलला. आठव्या मिनिटाला ताटावर चमचा वाजवून वेळ संपल्याचें सांगण्याचा तेथला नियम होता. त्याच्या वेळीं चमचा कोणीं वाजविला नाहीं.

मनुष्याच्या बोलण्याकडे जग दोन कारणांनीं लक्ष देतें: एक तर त्याच्या अधिकारामुळें, किंवा त्यापासून कांहीं उपयोग होईल म्हणून. माझ्या वर्गांत विद्यार्थी ऐकतात तीं हींच दोन कारणें असतात, आणि दुसरें नसलें तर पहिल्यावर भागवून घ्यावें लागतें. येथें दोन्ही नव्हतीं. कांहीं उपयोग नसलेली गोष्ट तो सांगत होता, त्याला कसलाहि अधिकार नव्हता, आणि तरीहि सात माणसें दुसरें कांहीं न करतां त्याच्याकडे पाहत होतीं. आठ मिनिटांची मर्यादा ही या औदार्याची सोय आहे. २००३ सालीं ॲस्ट्रिड क्लाइन आणि मार्क डायथम या दोघां वास्तुशिल्पकारांनीं टोकिओंत 'पेचा-कुचा' नांवाच्या रात्री सुरू केल्या. त्यांत वीस चित्रें, प्रत्येकीं वीस सेकंद, म्हणजे एकंदर ६ मिनिटें ४० सेकंद बोलावयाचें, अधिक नाहीं. फर्ड्या वक्त्याला आंवरल्यावांचून मुक्याला वाचा फुटत नाहीं हें त्यांना उमगलें असावें.

येथवर हा प्रकार निर्दोष आहे असेंच मी म्हणेन. अडचण येते ती विषय झांकणांवरून माणसांकडे वळतो तेव्हां. मित्रांच्या सभेंत सर्वांत रंगणारा विषय म्हणजे तेथेंच बसलेला एखादा मित्र, आणि तो या रात्रींतून कधींच टाळला जात नाहीं.

या कोड्याचें फार जुनें उदाहरण प्लेटोच्या 'सिंपोझियम'मध्यें आहे. अ‍ॅगॅथॉन या कवीला शोकनाटकाचें पारितोषिक मिळालें, म्हणून ख्रिस्तपूर्व ४१६ च्या सुमारास त्याच्या घरीं मित्र जमले आहेत. आदल्या दिवशींचें मद्य अजून उतरलेलें नाहीं, म्हणून आज बेतानें प्यावें, बांसरीवालीला निरोप द्यावा आणि प्रत्येकानें क्रमानें प्रेमदेवतेवर एकेक भाषण करावें, असें ठरतें. ॲरिस्टोफेनीसला उचकी लागते आणि त्याची पाळी वैद्यबुवांना घ्यावी लागते. इतकें सगळें आजच्या दिवाणखान्यांतल्यासारखेंच आहे. मग अल्सिबायडीझ झिंगत येतो, आणि मला देवतेवर बोलावयाचें नाहीं, या सॉक्रेटिसावरच बोलावयाचें आहे, असें जाहीर करतो. स्तुतीच्या मिषानें हा आपली टर उडविणार कीं काय, अशी सॉक्रेटिसाला शंका येते. अल्सिबायडीझ उत्तर देतो कीं, मी खरें तेंच सांगेन, आणि खोटें निघालें तर तेथल्या तेथें मला अडवावें. नंतर तो मित्राची विलक्षण चेष्टा करतो: शिल्पकारांच्या दुकानांत सायलीनसच्या ओबडधोबड मूर्ति असतात आणि उघडल्या तर आंत देवांच्या प्रतिमा दिसतात, त्यांतला हा गृहस्थ, थंडीच्या कडाक्यांत बर्फावरून अनवाणी चालणारा, विचारांत गढला तर दिवसरात्र एका जागीं उभा राहणारा. परंतु त्या भाषणांत सर्वांत अधिक उघडा कोण पडतो? अल्सिबायडीझ स्वतः. आपल्या रूपाच्या बळावर या मनुष्याला वश करण्याचा आपला बेत कसा फसला, आणि याच एका माणसापुढें आपल्याला लाज कशी वाटते, हें तो सर्वांदेखत सांगून टाकतो. भाषण संपल्यावर मंडळी हंसतात तीं सॉक्रेटिसाला नव्हे, तर याच्या मोकळेपणाला. कारण त्याचें प्रेम अजून गेलेलें नाहीं हें सर्वांना दिसतें.

त्याच पंगतीला बसलेल्या ॲरिस्टोफेनीसनें ख्रिस्तपूर्व ४२३ मध्यें, म्हणजे या मेजवानीच्या सातएक वर्षें अगोदर, 'मेघ' या नाटकांत सॉक्रेटिसाला टोपलींत बसवून अधांतरीं लोंबकळत ठेवलें होतें. मूळ माणूस कोण तें परक्या प्रेक्षकांना दिसावें म्हणून सॉक्रेटीस नाटकगृहांत उभा राहिला, अशी एक जुनी आख्यायिका आहे. म्हणजे तोहि हंसलाच म्हणावयाचा. पण ख्रिस्तपूर्व ३९९ मध्यें त्याच्यावर खटला झाला तेव्हां, आपल्याविरुद्धचा जुना पूर्वग्रह कोठून आला हें सांगतांना, प्लेटोचा सॉक्रेटीस त्याच नाटकाचें नांव घेतो. मित्रांच्या खोलींतली थट्टा आणि अनोळखी हजारोंपुढची थट्टा यांत शब्द तेच असले तरी वस्तु तीच राहत नाहीं. खोलींत ऐकणाऱ्यांना माणसाचा उरलेला नव्वद भाग ठाऊक असतो. बाहेर तेवढी थट्टा म्हणजेच सगळा माणूस होऊन बसतो.

ॲरिस्टॉटलनें आपल्या नीतिशास्त्राच्या चौथ्या भागांत विनोदबुद्धीला सद्गुणांत जागा दिली आहे, हें आपल्याकडच्या पुष्कळ गंभीर मंडळींना ठाऊक नसतें. समर्थांनीं विनोदाची आवड टवाळांच्या पदरीं बांधली, आणि आपण ती तेथेंच राहूं दिली. पण ॲरिस्टॉटलहि तेथेंच एक खोंच मारतो: थट्टा ही एक प्रकारची निंदाच आहे, कायदा कांहीं निंदांना मनाई करतो, आणि कदाचित् कांहीं थट्टांनाहि ती करावयास हवी होती.

माझ्या परिचयांतल्या एका मित्रमंडळांत घडलेला प्रसंग सांगतों. एका तरुणीचें लग्न जमत नव्हतें. तिला सांगून आलेल्या स्थळांच्या हकीकती ती स्वतःच मोठ्या खुमारीनें मैत्रिणींना सांगत असे: पत्रिका घेऊन आलेले आणि पोहे खाऊन गेलेले, उंचीचा इंच-इंच विचारणारे, 'मुलगी बोलते फार' म्हणून निरोप पाठविणारे. मंडळांतल्या एका तरुणानें व्याख्यान-रात्रीसाठीं यांचें कोष्टक केलें: चौदा स्थळें, तारखा, नकाराचीं कारणें, आणि कारणांचें शेंकडेवारी वर्तुळ. खोली हंसून हंसून लोटपोट झाली. तीहि हंसली. पुढच्या खेपेस ती आली नाहीं, आणि त्याच्या पुढच्याहि नाहीं. दरम्यान कोणीतरी त्या व्याख्यानाचें मोबाइलवर चित्रण करून दुसऱ्या एका गटांत धाडलें होतें, ही भर निराळीच.

त्या तरुणाचें समर्थन दोन कलमी होतें: ती स्वतःच हें सांगत असे, आणि ती त्या रात्रीं हंसत होती. पहिलें कलम ऐकावयास बिनतोड वाटतें, पण नाहीं. स्वतःची फजिती सांगणारा मनुष्य काय सांगावें, कोठें थांबावें आणि कोणता नकार सांगूंच नये, हें स्वतः ठरवितो. तिच्या तोंडून निघाल्या तेव्हां त्या गोष्टी होत्या, आणि नायिका ती होती. कोष्टकांत गेल्यावर त्याच गोष्टी पुरावा झाल्या. शिवाय उत्स्फूर्त थट्टा जिभेवरून सांडते आणि तिला क्षमा सहज मिळते. कोष्टक करणाऱ्यानें मात्र शांतपणें बसून, रंग निवडून, तें केलेलें असतें. दुसऱ्या बाजूनें हेंहि खरें कीं, चार वर्षें कोणाचें बोलणें लक्षपूर्वक ऐकल्याशिवाय असें कोष्टक होत नाहीं. उत्तम थट्टेला आणि निर्दय थट्टेला लागणारा माल एकच असतो, तो म्हणजे जवळीक. म्हणूनच परका मनुष्य आपल्याला फार तर चिडवूं शकतो. दुखविण्याचें कसब मित्राजवळच असतें.

दुसरें कलम अधिक महत्त्वाचें आहे. भरतमुनींनीं स्मितापासून अतिहसितापर्यंत हास्याच्या सहा पायऱ्या सांगितल्या, आणि स्वतः हंसणें तें आत्मस्थ व दुसऱ्यास हंसविणें तें परस्थ, असे दोन भेद केले. दुसरे हंसत आहेत म्हणून आपल्यालाहि हंसावें लागणें, हा प्रकार त्या वर्गीकरणांत मला सांपडत नाहीं. अशा खोलींत जो हंसत नाहीं त्याला तत्काळ एक नांव मिळतें: याला विनोद कळत नाहीं. आजच्या तरुणांत याहून मोठा कलंक मला ठाऊक नाहीं. तेव्हां तें हंसणें म्हणजे संमति, असें मानणें सावकारापुढें उठविलेल्या अंगठ्याला खुषीचा करार म्हणण्यासारखें आहे.

रॅडक्लिफ-ब्राउन या इंग्रज मानवशास्त्रज्ञानें १९४० सालीं थट्टेच्या नात्यांवर एक निबंध लिहिला. कांहीं समाजांत ठराविक नात्यांतल्या माणसांनीं एकमेकांची थट्टा करणें रीतीला धरून असतें, आणि ज्याची थट्टा होईल त्यानें राग मानूं नये असाहि दंडक असतो, असें त्यानें दाखविलें. आपल्याला यांत नवल नाहीं. दीर-भावजय, मेहुणा-मेहुणी, विहिणी-विहिणी यांचें थट्टेचें नातें आपण पाहतच आलों. पण या नात्यांत थट्टेची परवानगी रूढीनें दिलेली होती आणि तिच्या कडाहि रूढीनें बांधलेल्या होत्या: मामंजींसमोर नाहीं, सुतकांत नाहीं, आणि उलट उत्तराचा हक्क विहिणीला पुरेपूर. मैत्रीला अशी रूढि नाहीं. तेथें राग न मानण्याचा दंडक तेवढा उरला आणि कडा गेल्या. त्या ज्याच्या त्याच्या मंडळानें नव्यानें घालून घ्यावयाच्या आहेत. थट्टाच वर्ज्य करावी, हें मला पटत नाहीं. ज्याची कधींच थट्टा होत नाहीं तो मित्रमंडळांत पाहुणाच राहतो, आणि एखाद्याला चार वर्षें पाहुणा ठेवणें हाहि अपमानच आहे. ज्याच्यावर बोलावयाचें त्याला स्लाइडा आधीं दाखवाव्यात, अशी सूचना एकानें केली. तिनें रंग जातो. मला अल्सिबायडीझची रीत बरी वाटते: बोलणाऱ्यानें आधीं स्वतः उघडें पडावें, आणि 'खोटें असेल तर अडव' हें नुसतें म्हणूं नये, तर अडविण्यास जागा ठेवावी. माझ्या भाच्याच्या मंडळानें तूर्त एक लहानसा नियम केला आहे: व्याख्यानें सुरू होण्यापूर्वीं सर्वांचे मोबाइल एका स्टीलच्या डब्यांत जातात. झांकण बसणारा तो घरांतला एकमेव डबा आहे असें सांगतात.

कोष्टक करणारा तो तरुण पुढें एके दिवशीं तिच्याकडे गेला. क्षमा मागण्याची त्यानें बरीच तयारी केली होती. तिनें तें सगळें ऐकून घेतलें आणि म्हणाली, "सातव्या क्रमांकाची नोंद चुकली आहे. तेथें नकार मीं दिला होता."